आसन आणि आधार

आमची उंची बेताची, मोटारसायकल उंच. आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन नेताना गाडी थांबविली की पाय अधांतरी राहत. एकदा तर आम्ही चिखलात कलंडलो. काटकसर म्हणून मागील शॉकच्या स्प्रिंगा घरीच कापण्याचे आम्ही योजिले. गावच्या मिस्त्रीने वेळीच हात धरिला. "फादर, कापलेली स्प्रिंग अधिक ताठ होते, चाक मडगार्डला घासते, दिव्याचा झोत वर जातो, बाजूचा स्टँड लांब पडून गाडी कलंडू शकते." त्याने शॉकवरील कडे सर्वांत सैल खाचेत फिरविले व आसनातील फोम इंचभर तासला. आता टाचा नसल्या तरी चवडे भुईला टेकतात. प्रिय वाचकहो, मनुष्याने आपले आसन खाली आणावे. भार वाहणारा आधार कापू नये.