यादीचं पान

कुठलंही काम संगणकावर आणायचं ठरलं, की पहिली मागणी यादीची येते. ग्रंथालय असेल तर पुस्तकांची, पतसंस्था असेल तर खातेदारांची, दवाखाना असेल तर रुग्णांची. यादीतल्या नावावर क्लिक केलं की सगळा तपशील दिसला पाहिजे. ‘नवीन नोंद’ असं बटण हवं, चुकलेली नोंद दुरुस्त करता आली पाहिजे, नको असलेली काढून टाकता आली पाहिजे. यादी लांबली तर ‘मागे’, ‘पुढे’ हवं. मागणारी माणसं वेगळी, त्यांचा व्यवसाय वेगळा, पानं मात्र तीच.

पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत एक प्रोग्रामर नोकरीला लागली तेव्हा तिच्या वाट्याला हीच पानं आली. भाषा पीएचपी. ग्रंथालयाच्या कामात पुस्तकांची फाइल एकदा चालायला लागली, की तिची प्रत काढून सभासदांची फाइल, तिची प्रत काढून देवघेवीची फाइल. टेबलाचं नाव बदलायचं, कॉलमची नावं बदलायची आणि पुढे जायचं. त्या काळी बहुतेक छोट्या कंपन्यांमध्ये काम असंच चालायचं आणि ते भराभर व्हायचंही. त्रास पुढे सुरू व्हायचा. ग्रंथपाल म्हणायचे, पान उलटायची सोय यादीच्या वरही द्या, खाली जावं लागतं. एवढ्याशा मागणीसाठी प्रत्येक फाइल उघडावी लागे. एका फाइलमध्ये पानाचा क्रमांक तपासून घेतलेला असायचा, दुसरीत तो पत्त्यातून उचलून थेट क्वेरीत टाकलेला असायचा. कुठली फाइल सुरक्षित आणि कुठली उघडी, हे त्या फाइलची प्रत कधी काढली यावर ठरायचं. दुरुस्तीच्या आधी काढली असेल तर भोक तसंच.

नेमक्या याच कंटाळ्यावरचा एक इलाज अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत आकाराला आला होता. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या विद्यापीठाच्या गावात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचं दैनिक निघतं. २००३च्या सुमारास तिथल्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघं प्रोग्रामर काम करत होते. संपादकीय विभागाची मागणी यायची ती वर्तमानपत्राच्याच चालीने. एखादा विभाग काही दिवसांत, कधी तर काही तासांत उभा करून हवा असायचा. निवडणूक, खेळ, गावातले कार्यक्रम, प्रत्येकाला यादी, तपशील आणि जुन्या नोंदींचं दालन हवंच. दोघांनी पायथॉनमध्ये या सगळ्याचा सामाईक भाग बाजूला काढायला सुरुवात केली. पुढे जेकब कॅपलन-मॉस त्यांना येऊन मिळाला. २००५च्या जुलैमध्ये ते सगळं मुक्त परवान्याखाली जगासाठी खुलं झालं आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून त्याला ‘जँगो’ हे नाव मिळालं.

वर्तमानपत्रातला हा जन्म जँगोच्या अंगावर आजही दिसतो. त्याच्यासोबत जी तयार पानं मिळतात, ज्यांना तिथे ‘जेनेरिक व्ह्यू’ म्हणतात, त्यांत यादी आणि तपशिलाच्या जोडीला तारखेप्रमाणे लावलेल्या पानांचा एक अख्खा संच आहे. वर्षाचं पान, महिन्याचं पान, आठवड्याचं, दिवसाचं, आणि ‘आज’चं सुद्धा. ग्रंथालयाला किंवा दवाखान्याला ‘आज’ नावाचं वेगळं पान सहसा सुचणार नाही. ज्याच्या घरी रोज सकाळी नवा अंक निघतो त्यालाच ते सुचतं. सामाईक भाग कुणीतरी टेबलाशी बसून कल्पनेने ठरवला नव्हता; तीच पानं पुन्हा पुन्हा बनवून झाल्यावर तो हाती लागला होता. या तयार पानांचा खरा कस तिथे आहे, असं तिला वाटत आलं आहे.

तिची आणि जँगोची गाठ पडली ती २००८मध्ये त्याची १.० आवृत्ती आल्यानंतर. यादीसाठी तेव्हा ‘ऑब्जेक्ट-लिस्ट’ नावाचं फंक्शन होतं. पत्त्यांच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची, कुठल्या नोंदी दाखवायच्या आणि एका पानावर किती ते सांगायचं, की पान तयार. पानांची मोजणी, ‘पुढचं पान आहे का’ हा प्रश्न, नसलेला पान-क्रमांक मागितला तर द्यायचं ४०४, सगळं आत. छापील अर्जातल्या मोकळ्या जागा भराव्यात तेवढंच काम उरलं. पीएचपीच्या त्या एकमेकींच्या प्रती असलेल्या फाइलींच्या जागी तिने ग्रंथालयाचं काम जँगोवर नव्याने उभारलं तेव्हा याद्यांसाठी जेमतेम एक स्क्रीनभर कोड लागला.

अडचण मोकळ्या जागांचीच होती. अर्जात जी जागा छापलेली नाही तिथे काही लिहिता येत नव्हतं. यादीला चाळणी लावायची आहे, ती कुणी लॉगिन केलंय त्यावर ठरणार आहे. यासाठी फंक्शनला मार्ग नव्हता. मग आणखी एक पर्याय, आणखी एक पर्याय, असं करत त्या फंक्शनला द्यायच्या गोष्टींची यादी लांबत गेली होती. त्यातला एक पर्याय पानावर जादा माहिती पाठवण्याचा. पुस्तकांच्या यादीशेजारी प्रकाशकांची यादी दाखवायची असेल, तर ती तिथे द्यायची. पण ‘सगळे प्रकाशक आण’ हे तिथे कंसासकट लिहिलं, तर ते एकदाच, सर्व्हर सुरू होताना घडायचं आणि मिळालेली यादी तशीच धरून ठेवली जायची. मग एखादा नवा प्रकाशक नोंदवला, तरी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत तो दिसत नसे. कंस काढून टाकले, की प्रत्येक वेळी नव्याने विचारणा. फरक दोन चिन्हांचा. जँगोच्या दस्तऐवजांत याची सूचना होती, पण ‘नवीन नाव का दिसत नाही’ म्हणून फोन करणाऱ्या ग्रंथपालांना दस्तऐवजांचं काय!

२०११च्या मार्चमध्ये १.३ आवृत्ती आली आणि ही फंक्शनं मोडीत काढायची ठरली. त्यांच्या जागी क्लास आले. 

नव्या पद्धतीत पुस्तकांचं पान म्हणजे ‘लिस्टव्ह्यू’ या तयार क्लासवरून काढलेला आपला एक छोटा क्लास. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत ‘मॉडेल म्हणजे पुस्तक’, तिसरीत ‘एका पानावर वीस’. एवढ्यावर यादी चालते. टेम्प्लेट कुठलं वापरायचं, तेही मॉडेलच्या नावावरून ते स्वतः शोधतं. आणि अर्जात न छापलेली गोष्ट हवी असेल, तर आतलं एखादं मेथड आपण नव्याने लिहायचं. कुठल्या नोंदी आणायच्या ते ‘गेट-क्वेरीसेट’मध्ये, पानावर आणखी काय पाठवायचं ते ‘गेट-कॉन्टेक्स्ट-डेटा’मध्ये. ही मेथड्स विनंतीगणिक चालतात, त्यामुळे प्रकाशकांच्या यादीचं ते जुनं दुखणं आपोआप गेलं.

देवघेवीचं पान या बाबतीत जवळून पाहण्यासारखं आहे. एका ओळीत पुस्तकाचं नाव, सभासदाचं नाव, परत करायची तारीख. तीन ओळींचा क्लास लिहिला तर पान बरोबर दिसतं, पण दर ओळीमागे डेटाबेसला दोन जादा प्रश्न जातात, एक पुस्तकासाठी आणि एक सभासदासाठी. पानावर पन्नास ओळी असतील तर शंभर जादा प्रश्न. ‘गेट-क्वेरीसेट’मध्ये ‘सिलेक्ट-रिलेटेड’ लिहून या दोन्ही गोष्टी नोंदींबरोबरच मागवल्या, की ते शंभर प्रश्न नाहीसे होतात. तयार पान डेटाबेसशी काय बोलतंय ते डोळ्यांपुढे नसतं, म्हणून ते मुद्दाम उघडून बघण्याची सवय लावून घ्यावी लागते. कंपनीत नव्याने आलेल्या मुलांना ती पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते: पान उघडा आणि प्रश्न मोजा.

क्लास आले तशी त्यांची वंशावळही आली. आजच्या जँगोत साधा लिस्टव्ह्यू सहा पूर्वजांवर उभा आहे आणि नोंद दुरुस्त करायचा ‘अपडेटव्ह्यू’ नऊ पूर्वजांवर. त्यातले बरेचसे ‘मिक्सिन’, म्हणजे एकेक गुण पुरवणारे छोटे क्लास. एखादं मेथड नेमकं कुठून आलं, हे शोधताना फाइलीमागून फाइली उघडाव्या लागतात. प्रत्येक तयार क्लासची अशी वंशावळ एका पानावर मांडून दाखवणारं संकेतस्थळच काही जणांनी बनवलं आणि ते जगभर वापरलं जातं. जिच्यासाठी नकाशा लागतो ती रचना सोपी म्हणता येणार नाही, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं.

शिवाय क्रमाला महत्त्व आलं. २०१५च्या अखेरीस आलेल्या १.९ आवृत्तीत ‘लॉगिन केलेलं असलं पाहिजे’ ही अट लावणारा मिक्सिन जँगोत दाखल झाला. तो क्लासच्या कंसात लिस्टव्ह्यूच्या आधी लिहायचा असतो. नंतर लिहिला तर पायथॉन डावीकडून शोधत जातो, विनंती हाताळणारं मेथड त्याला तयार क्लासच्या पूर्वजांत सापडतं आणि लॉगिन तपासणारं मेथड कधी चालतच नाही. एरर नाही, इशारा नाही. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असलेलं पान कुणालाही उघडतं, आणि लिहिणाऱ्याने अट लावलेली असते! २०२४मधल्या ५.१ आवृत्तीत सगळ्या पानांना एकदम लॉगिनची अट लावायची आणि जी पानं खुली हवीत ती वेगळी सांगायची, अशी सोय झाली. ती फार आधी हवी होती.

दुसरा प्रसंग ४.० आवृत्तीचा, २०२१च्या डिसेंबरमधला. नोंद काढून टाकायच्या तयार पानात ‘डिलीट’ नावाचं मेथड होतं. पुस्तक सभासदाकडे असेल तर काढू देऊ नये, असे नियम लोक त्या मेथडमध्ये लिहीत. ४.०मध्ये बटण दाबल्यावर चालणारं काम ‘फॉर्म-व्हॅलिड’ या दुसऱ्या मेथडकडे गेलं. जुन्या जागी लिहिलेला नियम तिथेच राहिला आणि निकामी झाला. जँगोने इशारा दिला, पण काम थांबवलं नाही. दुसऱ्याच्या चौकटीत राहायचं, तर तिच्या बदलांची टिपणं वाचावी लागतात. तिने ती दर आवृत्तीला शब्दन् शब्द वाचली आहेत आणि हाताखालच्यांनाही वाचायला लावली आहेत.

अशा अनुभवांमुळे उलट बाजूलाही जाणकार उभे आहेत. जँगोच्या जुन्या मुख्य प्रोग्रामरांपैकी ल्यूक प्लांट यांनी पान साध्या फंक्शननेच लिहावं, असं सांगणारी एक सविस्तर मार्गदर्शिका लिहिली. रुबीच्या जगात सँडी मेट्झ यांनी २०१४च्या एका व्याख्यानात मांडलं, की चुकीच्या जागी एकत्र केलेला कोड हा दोनदा लिहिलेल्या कोडपेक्षा महाग पडतो. दोघांचंही म्हणणं तिला बरंचसं पटतं. फंक्शन वरून खाली वाचता येतं. त्यात काय घडतं ते त्यातच लिहिलेलं असतं.

तरी ती तयार पानं सोडत नाही. कारण टायपिंग वाचतं हे नाही. आता कोड लिहून देणारी एआय साधनं आहेत. चार पानांसाठी चार लांबलचक फंक्शनं सांगितल्याबरोबर तयार होतात, तेव्हा टायपिंग वाचवण्याला फारशी किंमतच उरली नाही. ग्रंथालयाच्या पुढे शाखा निघाल्या तेव्हाची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. प्रत्येक शाखेच्या कर्मचाऱ्याला आपल्याच शाखेचे सभासद दिसावेत, असा नियम ठरला. यादीला चाळणी लावणं कुणीही विसरत नाही, कारण चूक लगेच डोळ्यांना दिसते. पण तपशिलाच्या पानाचं काय? पत्त्यातला क्रमांक बदलून दुसऱ्या शाखेच्या सभासदाचं पान मागितलं तर? दुरुस्तीचं पान, काढून टाकायचं पान? अधिकार न तपासता दिलेल्या प्रवेशाच्या या जातीला ‘ओवास्प’ या संस्थेने वेब-सुरक्षेच्या २०२१च्या यादीत पहिला क्रमांक दिला होता.

तिने एक छोटा मिक्सिन लिहिला. त्यात एकच मेथड, ‘गेट-क्वेरीसेट’: आधीच्या नोंदी घे आणि त्यातल्या लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या शाखेच्या तेवढ्या ठेव. यादी, तपशील, दुरुस्ती आणि काढणं ही चारही तयार पानं नोंद शोधताना याच मेथडकडे जातात. त्यामुळे चारही पानांना तो एकाच ठिकाणाहून लागू झाला. दुसऱ्या शाखेचा क्रमांक टाकला तर तशी नोंदच सापडत नाही, ४०४ येतं. पुढे विश्वस्तांना सगळ्या शाखा दिसाव्यात असं ठरलं, तेव्हा बदल त्या एका मेथडमध्ये झाला. सोबत एक चाचणी आहे: यादी सोडून सभासदांची बाकी सगळी पानं दुसऱ्या शाखेच्या कर्मचाऱ्याच्या नावाने उघडून बघायची आणि प्रत्येक ठिकाणी ४०४ येतंय का ते पाहायचं. नवीन पान आलं की त्याचं नाव या चाचणीत घातल्याशिवाय ती ते पुढे जाऊ देत नाही.

थकबाकीचा वार्षिक अहवाल मात्र साध्या फंक्शनमध्ये आहे. त्यात सभासद, वर्गणी, दंड आणि हरवलेल्या पुस्तकांची किंमत असे हिशोब एकमेकांत गुंतलेले आहेत, दर वर्षी एखादा नियम बदलतो आणि लेखापरीक्षकांना प्रत्येक रकमेमागचं कारण सांगावं लागतं. मध्यंतरी एका नव्या मुलाने तो लिस्टव्ह्यूवर बसवून दाखवला. कोड खरंच कमी झाला होता. तिने तो त्याला शेजारी बसवून वाचला, दंडाची रक्कम कुठे ठरते ते त्याला शोधायला सांगितलं. तीन मेथड्स आणि दोन मिक्सिन फिरून त्याला उत्तर सापडलं. जुन्या फंक्शनमध्ये ते मधल्या एका ओळीत होतं, वर कुठल्या ठरावानुसार आकारणी होते त्याची टीप होती. अहवाल जसा होता तसा ठेवला गेला. त्या मुलाने बदललेलं प्रकाशकांचं पान मात्र त्याच संध्याकाळी चालू झालं, ते तीन ओळींचं होतं.