सोबत कोण?

आपल्याकडे एखादी बाई प्रवासाला निघाली म्हणजे 'कोठे निघालीस?' या प्रश्नाच्या पाठोपाठ, आणि कित्येकदा त्याच्याही आधी, दुसरा एक प्रश्न येतो : 'सोबत कोण?' या प्रश्नाला फार भारदस्त उत्तर लागते असेही नाही. अमरावतीस मी महाविद्यालयात होते, तेव्हा संध्याकाळी मैत्रिणीकडे जायचे झाल्यास शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्या सोबतीस दिला जाई. रस्ता ओलांडताना त्याचा हात मीच धरीत असे. त्याने माझे रक्षण कशापासून आणि कोणत्या उपायाने करावयाचे होते, हे त्याला किंवा मला कोणी कधी सांगितले नाही. तथापि तो बरोबर आहे एवढ्यावर घरातली माणसे निश्चिंत असत.

हा जुना प्रश्न यंदा नव्याने माझ्यापुढे आला, तो मात्र उत्तर देणारीच्या नव्हे तर विचारणारीच्या जागी मला बसवून.

गेली चार वर्षे मी कुंभकोणम् येथे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे, आणि शहराच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर असलेल्या साक्कोट्टै या गावी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. गाव लहान. प्रळयाच्या पाण्यातून तरंगत आलेल्या अमृतकुंभाची जी कथा कुंभकोणम् येथे सांगतात, तिच्याशी आमच्या गावच्या शिवमंदिराचेही नाते जोडलेले आहे. शैव संत सुंदरर यांनी या स्थानावर पदे रचली, म्हणून दूरदूरचे भाविक येथे येतात. मी आले ती मात्र बदलीच्या हुकुमाने.

सकाळी कार्यालयात जाताना बस अरसलार नदीच्या पुलावरून जाते. कावेरीची ही एक शाखा. उन्हाळ्यात तिच्यात वाळूच अधिक असते. पाणी सुटले म्हणजे ती दोन्ही काठ धरून वाहते आणि पुढे कारैक्काल येथे समुद्राला मिळते. पहिल्या वर्षी पुलावरून जाता जाता मनात आले की नदीला जेथे जाता येते तेथे आपल्यालाही जाता यावे. तेव्हापासून सुटीचा दिवस सापडला की मी किनाऱ्यावरच्या एखाद्या गावी जाऊन येते. एकटीच जाते. प्रत्येक वेळी रात्री अमरावतीहून आईचा फोन येतो, आणि तिचा पहिला प्रश्न कोणता असतो हे आता सांगावयास नको.

आता मूळ गोष्ट. माझे थोरले बंधू सहकुटुंब सिंगापुरास असतात. त्यांची मुलगी एकवीस वर्षांची आहे. तिने ठरविले की सुटीत तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर उतरावे, तेथून एकटीने तरंगम्बाडी, कारैक्काल आणि नागपट्टणम् ही किनाऱ्यावरची गावे पाहावीत, आणि मग माझ्याकडे यावे. दादाने मला कळविले, "तू रजा काढ, विमानतळावर जा, आणि तिला एकटी कोठेही सोडू नकोस." त्याच दिवशी तिचाही निरोप आला, "आत्या, तू येऊ नकोस. मला फक्त वाट लिहून पाठव." रजा माझ्या खात्यावर पुष्कळ शिल्लक होती. अडचण रजेची नव्हतीच.

वाट लिहिणे सोपे आहे. सिंगापूर, क्वालालंपूर, कोलंबो, दुबई येथून येणारी विमाने तिरुचिरापल्लीस उतरतात. २०२४ साली तेथे नवी प्रशस्त इमारत झाली. परंतु तिच्या दाराबाहेरचे दृश्य जुनेच आहे. येणारा एक आणि त्याला न्यायला आलेले सात. त्या गर्दीतून वाट काढून पाच-सहा किलोमीटरवरच्या रेल्वे जंक्शनला यावे आणि तंजावरकडे जाणारी गाडी धरावी. तंजावरला लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक पापनाशम्, कुंभकोणम् यांवरून मयिलाडुतुरैला जातो; दुसरा तिरुवारूरवरून नागपट्टणम् आणि कारैक्कालला. तरंगम्बाडीला जाणाऱ्याने मयिलाडुतुरैला उतरून बस घ्यावी. १९२६ साली तेथून तरंगम्बाडीपर्यंत रेल्वे घातली होती. ती गेल्या शतकाच्या नवव्या दशकात बंद पडली. बसच्या पाटीवर अक्षरे तमिळ असतात. परंतु सिंगापुरात तमिळ ही राजमान्य भाषांपैकी एक असल्यामुळे ती अक्षरे माझ्या भाचरापेक्षा या पुतणीच्या अधिक ओळखीची. वाहकाला गावाचे नाव सांगून 'पोगुमा?' म्हणजे 'जाईल का?' एवढे विचारता आले की पुरे.

हे लिहीत असता एक गंमत ध्यानात आली. आज आपण आकाशातून आत उतरतो आणि तेथून समुद्राकडे जातो. पूर्वीचा सारा ओघ याच्या उलट होता. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ साली उत्खनन केले, तेव्हा इटलीतील आरेत्सो येथील तांबडी, चकचकीत मातीची भांडी जमिनीतून निघाली. ती समुद्रावरूनच आली होती. डेन्मार्कचे लोक १६२० साली तरंगम्बाडीला आले आणि त्यांनी तेथे डान्सबोर्गचा किल्ला बांधला. १८४५ साली इंग्रजांना विकीपर्यंत ते गाव त्यांचेच होते. या भागातली आगगाडीसुद्धा किनाऱ्याकडून आत आली : १८६१ साली नागपट्टणम् ते तंजावर आणि १८६२ साली पुढे तिरुचिरापल्लीपर्यंत. एवढे लोक समुद्रावरून आले, पण त्यांतल्या किती जणांना 'सोबत कोण?' असे कोणी विचारले असेल?

आमची मराठी माणसे मात्र खुष्कीच्या मार्गाने आली. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले, आणि १८५५ साली संस्थान खालसा होईपर्यंत भोसल्यांचे घराणे तेथे राहिले. किनाऱ्यावर त्यांच्या खुणा जागोजाग दिसतात. नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच, १३१ फुटांचा मनोरा प्रतापसिंह राजांनी बांधविलेला आहे. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ दुसऱ्या सरफोजी राजांनी पट्टुक्कोट्टैच्या बाजूला समुद्रकाठी जी षट्कोनी इमारत उभारली, तिला लोक मनोराच म्हणतात. हेच सरफोजी राजे १८२० साली काशीयात्रेस निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर हजारोंचा लवाजमा होता. त्यांच्या मातोश्री असत्या तर त्या माउलीला 'सोबत कोण?' या प्रश्नाचे पोटभर उत्तर मिळाले असते!

परंतु मला पुतणीला सांगावीशी वाटली ती कथा राजांची नव्हे. कारैक्कालच्या एका बाईची. कारैक्काल १७३९ साली फ्रेंचांनी तंजावरच्या मराठा राजाकडून मिळविले. १९५४ साली ते भारतात आले आणि आज पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. कथा त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि बाराव्या शतकात सेक्किळार यांनी ती आपल्या पेरियपुराणात सांगितली. पुनीतवती ही तेथल्या एका व्यापाऱ्याची बायको. नवऱ्याने घरी पाठविलेल्या दोन आंब्यांपैकी एक तिने दारी आलेल्या शिवभक्ताला वाढला. जेवताना नवऱ्याला पहिला आंबा गोड लागला म्हणून त्याने दुसरा मागितला, तेव्हा तिने देवाचा धावा केला आणि तिच्या हातात आंबा आला. ही साधी बाई नव्हे, या भीतीने नवरा जहाज घेऊन निघून गेला. दुसऱ्या नगरात त्याने दुसरा संसार मांडला आणि पुढे ती भेटली तेव्हा तिच्या पाया पडला. मग तिने देवाजवळ मागितले की ज्याच्यासाठी हे रूप धारण केले तोच उरला नाही, तर हे रूपही नको. हाडांचा सापळा होऊन ती एकटी कैलासाकडे निघाली, आणि ती भूमी पायांनी तुडवू नये म्हणून डोक्यावर चालत गेली. शिवाने तिला 'आई' म्हणून हाक मारली. कारैक्कालला तिचे मंदिर आहे, आणि उन्हाळा सरता सरता तेथे आंब्यांचा मोठा उत्सव होतो.

या कथेतील भक्ती थोर आहे, हे मान्यच. परंतु मी पहिल्यांदा त्या मंदिरात उभी राहिले तेव्हा माझे मन दुसऱ्याच गोष्टीपाशी अडले. नवरा जहाजातून एकटा गेला, त्याला काही टाकावे लागले नाही. ती एकटी निघाली, तेव्हा तिला आधी आपले रूप टाकावे लागले. लोकांनी भिऊन दूर व्हावे असे झाल्यावरच तिला वाट मोकळी मिळाली.

मला एवढी किंमत द्यावी लागलेली नाही. २०२१ सालच्या मे महिन्यापासून तमिळनाडूत साध्या शहरी बसगाड्यांतून बायकांना भाडे पडेनासे झाले. वाहक शून्य रुपयांचे तिकीट फाडून हातात देतो. कार्यालयात मी आकड्यांतच दिवस घालविते, पण त्या शून्याइतके वजनदार शून्य मी कोणत्या ताळेबंदात पाहिले नाही. भाजीच्या टोपल्या घेऊन बाजारात निघालेल्या, लेकीच्या घरी जाणाऱ्या, दवाखान्याला एकट्या निघालेल्या बायका त्या गाडीत असतात. घरात पैसे मागावे लागले नाहीत की 'कशाला जातेस?' हाही प्रश्न पुष्कळदा टळतो. लांबच्या गाडीला मात्र पैसे पडतात, आणि तेथे शेजारीण हमखास विचारते, "तनिया वंदींगळा?" म्हणजे, एकट्याच आलात? पहिल्या वर्षी मला या प्रश्नाचा राग येई. पुढे पुढे लक्षात आले की विचारून झाल्यावर ती बाई सरकून मला खिडकीची जागा देते आणि उतरायचे गाव आले की माझ्या आधी तीच वाहकाला हाक मारते.

सर्वच अनुभव असे नाहीत. किनाऱ्यावरच्या एका गावी शेवटची बस चुकली, तेव्हा एका लॉजच्या व्यवस्थापकाने माझे ओळखपत्र उलटसुलट पाहिले आणि एकट्या बाईला खोली देत नाही असे सांगितले. खोल्या रिकाम्या होत्या. किल्ल्या त्याच्या मागच्या खुंट्यांवर लोंबत होत्या. भारत सरकारने मला नोकरी दिली, हजार मैलांवर एकटीला पाठविले, त्याला काही शंका आली नाही. या गृहस्थाला आली. ती रात्र मी एका चर्चच्या यात्रेकरूंच्या ओसरीवर वेळांगण्णीला निघालेल्या बायकांच्या मेळ्यात काढली. त्यांनी मला भात दिला आणि काही विचारले नाही.

म्हणून मी पुतणीला जे लिहून पाठविले त्यात गाड्या आणि फाटे यांच्याखेरीज आणखीही काही होते. मुक्कामाची जागा निघण्यापूर्वीच पक्की करावी, आणि एकटी आहे हे आधीच स्पष्ट सांगावे. परतीची शेवटची बस कधी हे उतरल्याबरोबर विचारून घ्यावे. समुद्र शांत दिसला म्हणून त्याच्याशी सलगी करू नये. २००४ सालच्या २६ डिसेंबरला आलेल्या लाटांनी एकट्या नागपट्टणम् जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे नेली, आणि ती सगळी आपापल्या माणसांच्या सोबतीतच होती. तरंगम्बाडीला किल्ल्यापासून जवळच चौदाव्या शतकाच्या आरंभीचे शिवमंदिर आहे. त्याचा बराच भाग समुद्राने खाल्ला आहे. ते जरूर पाहावे.

कागद पाठविल्यावर दोन दिवस मला स्वस्थता नव्हती. भीती खोटी नसते, हे मला ठाऊक आहे; दादाची खोटी नाही आणि आईचीही नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि पती बरोबर नव्हते. त्यांना निरोप देणाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. परंतु मी विमानतळावर गेले असते, तर माझी भीती तेवढी शमली असती. तिची वाट मात्र माझी होऊन बसली असती. अमरावतीच्या त्या नऊ वर्षांच्या मुलाची जागा आता छत्तीस वर्षांच्या आत्याने घ्यावी, एवढाच त्या रजेचा अर्थ झाला असता.

दादाला मी उत्तर पाठविले : "विमानतळावर मी जाणार नाही. ती चौथ्या दिवशी दुपारी येथे पोचेल. स्वयंपाक तयार ठेवते."

त्यावर त्याचे उत्तर आलेले नाही. आईचा फोन मात्र आला. सगळे ऐकून घेतल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तिला आंबट वरण आवडते. चिंच आहे ना घरात?"