प्रकाशाचा कारभार

प्रकाशावर काम करणाऱ्या माणसाचा बहुतेक दिवस काळोखात जातो, हे माझ्या घरच्यांना अजून पटलेलं नाही. आमच्या विद्यापीठातल्या फोटॉनिक्स केंद्राच्या प्रयोगशाळांना खिडक्या नाहीत. जुन्या इमारतीबरोबर ज्या आल्या, त्यांना आम्ही काळा कागद लावून वरून प्लायवूड ठोकलं. भिंती काळ्या, पडदे काळे. दारावर लाल दिवा; तो लागलेला असला की कुलगुरूंनीही बाहेर थांबायचं. आत जाताना चपला दाराशी, आणि घड्याळ, अंगठ्या, बांगड्या ट्रेमध्ये. नव्या विद्यार्थ्यांना हे सगळं सोवळं वाटतं. मग त्यांना सांगावं लागतं की आमच्या लेसरची तरंगलांबी 800 नॅनोमीटर आहे. डोळ्याला ती जेमतेम मंद लाल दिसते, म्हणून माणूस फसतो. बांगडीवरून उसळलेला किरण डोळ्यात गेला, तर डोळ्यातलंच भिंग तो पडद्यावरच्या एका ठिपक्यात एकवटतं आणि ती जागा कायमची जळते. किरण सुरू असताना खुर्चीत बसायलाही मनाई आहे. बसलेल्या माणसाचे डोळे नेमके किरणाच्या उंचीला येतात.

मी या विषयात आले ती प्रकाशाच्या वेगाच्या मोहानं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो हे शाळेत सगळेच घोकतात. पण शंभर फेम्टोसेकंदांत तो किती जातो, हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी चक्रावले होते. 30 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्या आखूड स्पंदांची रांग टेबलावरून धावत असते, आणि आपल्याला दिसतो तो नुसता किरणापुढे धरलेल्या कार्डावरचा एक स्थिर ठिपका. त्या ठिपक्याकडे मी तासन्‌तास बघत राहिले आहे. आता संचालक झाल्यापासून त्याच्याशी गाठ क्वचित पडते. आता माझ्या वाट्याला येतात ते एअर कंडिशनर, चिलरमधलं पाणी, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि भिंतीवरचा आर्द्रतामापक. सकाळी आल्याआल्या मी वर्तमानपत्राआधी तो वाचते.

प्रकाशाला सांभाळावं लागत नाही. त्याच्या वाटेतल्या वस्तूंना सांभाळावं लागतं. हे कळायला मला संचालकपदाच्या खुर्चीत यावं लागलं. खोलीचं तापमान दोन अंशांनी चढलं की आरशाचा धातूचा पाय किंचित फुगतो, किरण केसभर सरकतो आणि चार मीटर पुढच्या बारीक छिद्रातून जायचा तो कडेवर आपटतो. जून लागला की भिंगांवर बुरशीची भीती. ती कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काढते आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर वरचा लेप खाऊन काचेपर्यंत पोचते. दिल्लीतल्या किंवा जर्मनीतल्या कंपनीच्या माहितीपत्रकात आमचा पाऊस कुठेही नसतो. म्हणून सिलिका जेलच्या पुड्या, चोवीस तास घरघरणारं डीह्युमिडिफायर आणि वीज गेली की जनरेटर किती सेकंदांत उचलतो याची धास्ती.

हादऱ्यांचं प्रकरण आणखी वेगळं. आमचं ऑप्टिकल टेबल पोलादाचं, आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ, हवा भरलेल्या चार पायांवर तरंगणारं. पृष्ठभागावर दर 25 मिलिमीटरला एक आटेदार भोक. त्यावर इंटरफेरोमीटर मांडला की पडद्यावर उजेड-काळोखाचे पट्टे उमटतात. लाल हीलियम-निऑन लेसर असेल तर आरसा 316 नॅनोमीटर हलला तरी एक अख्खा पट्टा पुढे सरकतो. रस्त्यावरून डंपर गेला की पट्टे थरथरतात. आणि गणपतीआधीच्या दिवसांत नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी मोजमाप करण्यात अर्थच उरत नाही. पट्टे नाचतात अशी तक्रार घेऊन जी मुलगी माझ्याकडे आली, तीच सात वाजता कमरेला ढोल बांधून त्या पथकात उभी असते. मी विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, मी रात्री दोनला येऊन रीडिंग घेते ना.” आणि घेते. आमचे बरेचसे चांगले आकडे रात्री दोन ते पाच या वेळातले आहेत, तेव्हा शहर झोपलेलं असतं.

कागदोपत्री कामाबद्दल फार लिहिणार नाही, कारण ज्यांनी ते केलं आहे त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना ते खरं वाटायचं नाही. तीन कोटेशन, तांत्रिक समिती, मग एल-वन, म्हणजे ज्याची बोली सर्वात कमी तो. आरशाचा स्टँड विकत घेताना “तापमान बदललं तरी कोन हलता कामा नये” हे वाक्य निविदेत कसं लिहायचं, याचं एक शास्त्रच आहे. ते नीट लिहिलं नाही तर जो येतो तो स्टँड दिसायला झकास आणि दुपारपर्यंत वाकडा. मग मार्चअखेर, वापर प्रमाणपत्र, लेखापरीक्षकाचा शेरा. शिष्यवृत्ती उशिरा आली की मुलं माझ्या खोलीच्या दाराशी घुटमळतात, पण आत येऊन बोलत नाहीत. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधकाला, 2023 पासून महिन्याला 37 हजार रुपये मिळतात. ते चार महिने थकले तर खोलीचं भाडं कुणाकडून मागायचं, हा प्रश्न क्वांटम ऑप्टिक्सपेक्षा अवघड आहे.

पण मला खरी तक्रार करायची आहे ती दुसरीच. आपल्याकडे यंत्र घ्यायला पैसे मिळतात, यंत्र जिवंत ठेवायला मिळत नाहीत. आणि यंत्र ज्याच्या हातात जिवंत राहतं त्या माणसासाठी तर जवळजवळ नाहीतच.

आमच्याकडे काका आहेत. पद प्रयोगशाळा सहायकाचं, शिक्षण आयटीआय. चिलरच्या आवाजात फरक पडला की यंत्रावर इशारा यायच्या आधी ते उठून जातात. भिंग पुसताना ते कागदाची घडी काचेवर ठेवतात, त्यावर अल्कोहोलचा एकच थेंब सोडतात आणि घडी एका दिशेनं, न दाबता, ओढून घेतात. घासत नाहीत. ही कृती पुस्तकात चार ओळींत दिली आहे. ती वाचून मुलं भिंगावर ओरखडे काढतात आणि काकांच्या शेजारी आठवडाभर उभी राहिली की काढत नाहीत. लेसरची पोकळी जुळवताना दोन आरशांचे चार स्क्रू असतात. पहिला किती फिरवायचा, कुठे थांबायचं, हरवलेला किरण परत कुठे शोधायचा, हे एकानं दुसऱ्याच्या हाताला शिकवायचं असतं. आमचे शोधनिबंध छापून येतात तेव्हा काकांचं नाव आभाराच्या ओळीत असतं. ते मी नेहमी घालते. आणि ते पुरेसं नाही हेही मला माहीत आहे.

सर सी. व्ही. रामन यांची गोष्ट आपण दर 28 फेब्रुवारीला सांगतो. 1928 साली कोलकात्याच्या बहूबाजार रस्त्यावरच्या संस्थेत आधी सूर्यप्रकाश दुर्बिणीच्या भिंगानं एकवटून, नंतर पाऱ्याचा दिवा वापरून, विखुरलेल्या प्रकाशात बदललेला रंग त्यांनी दाखवला. त्यासाठी 1930 चं नोबेल मिळालं. त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांचं नावही निघतं. पण 1907 मध्ये तरुण रामन पहिल्यांदा त्या संस्थेच्या दाराशी आले तेव्हा ते दार उघडणारे आशुतोष डे, आशुबाबू, पुढची अनेक वर्षं त्यांच्या प्रयोगांत सहायक म्हणून राबले, हे विज्ञानदिनाच्या भाषणांत येत नाही. त्या खोल्यांत महागडी यंत्रं नव्हती, हे मात्र आपण अभिमानानं सांगतो. मग होतं काय? सरावलेले हात होते.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. तिथल्या डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अर्बियम मिसळलेल्या काचतंतूनं प्रकाशाचा संदेश प्रकाशातच मोठा करून दाखवला. समुद्राखालून जाणारं आजचं इंटरनेट त्यावर उभं आहे. 30 ऑक्टोबर 2005 ला त्यांच्या ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स केंद्राची माउंटबॅटन इमारत आगीत गेली. काचतंतू ओढायची यंत्रं, स्वच्छ कक्ष, सगळं. पुढे नवी इमारत उभी राहिली आणि केंद्र आजही चालू आहे. माणसं शाबूत होती, म्हणून यंत्रं पुन्हा आणता आली. उलटं घडलं असतं, यंत्रं राहून माणसं गेली असती, तर काय झालं असतं, हे पाहायला तिकडे जायची गरज नाही. आपल्या विद्यापीठांमधल्या कपाटांत कव्हर घालून ठेवलेली यंत्रं मोजावीत.

माणसं आपल्याकडेही घडतात, फक्त त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. मुलांना मी कार्बन डायऑक्साइड लेसर दाखवते तेव्हा विचारते, याचा शोध कुणी लावला? भोसरी-चाकणच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं पत्रे कापत आला तो हा लेसर. उत्तर येत नाही. 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तो बनवणारे सी. के. एन. पटेल यांचा जन्म 1938 चा, बारामतीचा. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. बारामती म्हटल्यावर मुलांना दुसरंच काही आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

आणि आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, टोकांना आरसे, आणि त्या आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी बदललं तरी ते ओळखायचं. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2600 कोटी रुपयांना मान्यता दिली. माझ्या दोन विद्यार्थिनींना तिकडे जायचं आहे. त्यांच्या डोळ्यांतली चमक मला ओळखीची आहे. पण 2600 कोटींच्या त्या आरशांवरची धूळ कोण पुसणार, किरण हरवला की पहाटे तीनला चार स्क्रूंपाशी कोण उभं राहणार? अशी माणसं जाहिरात देऊन सहा महिन्यांत मिळत नाहीत. ती कुठल्यातरी विद्यापीठाच्या काळ्या भिंतींच्या खोलीत, कुणाच्या तरी शेजारी दहा-पंधरा वर्षं उभी राहून तयार होतात. त्यासाठी त्या खोलीत आधी एक कायमचं पद लागतं, कंत्राटी अकरा महिन्यांचं नव्हे.

काका पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांच्या जागी एक तरुण मुलगा आत्ताच नेमा, म्हणजे वर्षभर तो त्यांच्या हाताखाली राहील, असं पत्र मी दिलेलं आहे. उत्तर आलं, की पद रिक्त झाल्याशिवाय भरता येत नाही.