चिलखताचा काठ

बँकेत बावीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर माणसाला एके दिवशी वाटू लागते, की पुरे झाले, आता जंगलात जावे आणि लाकडे तोडावीत. पूर्वी असे वाटणारे लोक वानप्रस्थाश्रम स्वीकारीत. मी मोबाइल घेऊन पलंगावर आडवा झालो.

तसा मी खेळणाऱ्यांतला नव्हे. बी.कॉम.च्या तीन वर्षांत मी कॉलेजच्या मैदानावर एकदाच गेलो होतो, आणि तेही परीक्षेचा मांडव तिथे घातला होता म्हणून. दोष सगळा आमच्या चिरंजीवांचा. 2020च्या सप्टेंबरात सरकारने पब्जीवर बंदी घातली, तेव्हा हे गृहस्थ अकरा वर्षांचे होते आणि त्यांनी घरात दोन दिवस दुखवटा पाळला होता. दहावी होताच त्यांच्या हातात पुन्हा मोबाइल चिकटलेला दिसू लागला, तेव्हा बापाचे कर्तव्य म्हणून मी गरजलो, "असतं तरी काय रे त्या खेळात एवढं?"

"तुम्हीच खेळून बघा ना बाबा," असे म्हणून त्याने माझ्याच मोबाइलवर एक खेळ उतरवून दिला. नाव 'ओल्ड स्कूल रूनस्केप'. मला वाटले, जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी काहीतरी असेल.

पण हे प्रकरण निराळेच निघाले. जगभरातली हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक मुलखात वावरतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे आणि त्या सोंगाने कष्ट करून मोठे व्हायचे. इंग्लंडातल्या भावाभावांनी 2001 साली हा खेळ सुरू केला. पुढे तो इतका सुधारला, की लोकांना आवडेना. मग 2013 साली लोकांच्या मतदानाने 2007चा जुना खेळ पुन्हा मांडला गेला, आणि 2018मध्ये तो मोबाइलवर आला. आता त्यात नवे काही आणायचे तर खेळणाऱ्यांची 70 टक्के मते लागतात. आमच्या पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत चहा-चिवड्याखेरीज कशालाही 70 टक्के मते पडलेली मी पाहिलेली नाहीत. खेळाविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला तो इथे.

सोंगाला नाव हवे होते. सुचली ती सगळी नावे कोणीतरी आधीच घेतलेली. शेवटी वैतागून 'दुसरबीडकर' असे टाकले. बारा इंग्रजी अक्षरांची मर्यादा होती, हे अकरांत बसले. आणि सांगायला अभिमान वाटतो, की जगाच्या पाठीवर कोणीही ते घेतलेले नव्हते.

मग मी लाकडे तोडू लागलो. झाडावर बोट ठेवले, की आपला माणूस कुऱ्हाड चालवतो. विलोचे एक लाकूड तुटले, की लगेच खात्यावर 67.5 गुण जमा. वरचे अर्धेसुद्धा सोडलेले नाहीत! माझ्यातला कॉमर्सचा पदवीधर गहिवरला. बावीस वर्षांत मी जे काही केले, ते असे त्या क्षणी, माझ्याच नावावर, पैशापैशाने कधी जमा झाले होते? मार्चएंडला रात्री अकरापर्यंत बसलो त्याची नोंद कुठे आहे? हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. मला मिळालेली बढती ती एवढीच.

आणि तिथली बँक! व्हॅरॉक नावाच्या शहरात पहिल्यांदा बँक दिसली तेव्हा माझे पाय आपोआप आतल्या बाजूला वळले. पण आत जाता येत नाही. काउंटरच्या बाहेर उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला, आणि हात जोडून सांगतो, सेवा उत्तम आहे. लंचटाइम नाही, लिंक फेल नाही, 'उद्या या' नाही. एका गावी ठेवलेला माल दुसऱ्या गावच्या शाखेत बिनबोभाट काढता येतो. हजार लाकडे पाठीवर मावत नाहीत, म्हणून बँक त्यांची चिठ्ठी करून देते, म्हणजे आम्हाला एस.वाय.ला होती ती गोदामाची पावतीच. व्याज मात्र दमडीचे देत नाहीत. पण केवायसीही मागत नाहीत, त्यामुळे फिटंफाट.

घरात मात्र थोडा धार्मिक प्रश्न उभा राहिला. या खेळात जगायचे तर मासे पकडून भाजावे लागतात. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची माळ. मी रात्री जेवण झाल्यावर झिंगे भाजत बसलेला पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, निदान गुरुवारी तरी नका. शेगावला काय तोंड दाखवायचं?" त्यातून निम्मे झिंगे जळत. माळ गेली ती गेली, वर स्वयंपाकही येईना.

खरा मनस्ताप पुढेच होता. या खेळात 99 लेव्हल म्हणजे कैलास. मी आठ महिन्यांत लाकूडतोडीत 61व्या लेव्हलला पोचलो आणि पेढे आणावेत की काय अशा विचारात होतो. सवयीने सहज आकडेमोड केली. 99साठी 1,30,34,431 गुण लागतात. 61ला होतात 3,02,288. म्हणजे मी सव्वादोन टक्के वाट चाललो होतो! कारण प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी उंच. दर सात लेव्हलींनी आकडा दुप्पट. खातेदारांना मुदतठेव समजावताना मी जे 72चे गणित सांगतो, 72 भागिले व्याजदर, तेच इथे माझ्या छातीवर येऊन बसले होते. 92व्या लेव्हलला माणूस निम्म्या वाटेवर असतो. विलोचीच झाडे तोडत गेलो तर एकंदर एक लाख त्र्याण्णव हजार लाकडे. चक्रवाढ व्याज कर्जदाराच्या बाजूने कसे दिसते, हे मला बँकेने कधी शिकवले नव्हते.

त्यात आमचे नेटवर्क. या खेळाचे घड्याळ 0.6 सेकंदाला एक ठोका देते. दुसरबीडला पावसाची भुरभुर झाली तर आमचे नेटवर्क ठोक्यांत मोजत नाही, घटकांत मोजते. बारा जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी शेजारी सिंदखेडराजाला लाखांनी माणूस येतो, त्या दिवशी तर फोनही लागत नाही, आणि मी नेमका त्याच दिवशी एका गुहेत राक्षसी कोळ्याशी लढायला गेलो. मी 'पळ' म्हटलेले जर्मनीतल्या सर्व्हरला कळेपर्यंत कोळ्याने कारभार आटोपला होता. मेल्यावर आपले सामान पंधरा मिनिटे थडग्यापाशी राहते. त्या पंधरा मिनिटांत मी तिथवर पोचू शकलो नाही. त्यानंतर ते यमाच्या कचेरीत जमा होते आणि किमती वस्तू फी भरून सोडवाव्या लागतात. यमाचेही ऑफिस आहे आणि तिथेही काउंटर आहे, हे कळल्यापासून मरणाची भीती कमी होऊन कंटाळा वाढला आहे.

इतके असून खेळ सोडवत नव्हता, त्याला कारण माणसे. पोलंडमधला एक रात्रपाळीचा पहारेकरी माझ्याशेजारी झाडे तोडत असे. माझे इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहाराचे, त्यामुळे मी त्याला प्रथम 'रिस्पेक्टेड सर' असे लिहिले. तो इतका हसला, की पुढे मला त्याच नावाने हाक मारू लागला. गाव कुठे, असे त्याने विचारले. दुसरबीड कसे सांगावे? मुंबईहून दूर, नागपूरहूनही दूर. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला आहे, पण त्यावरून जाणारा माणूस तालुक्याकडे बघायला थांबत नाही. म्हणून मी सांगितले, लोणारच्या उल्का-सरोवराजवळ. दहा मिनिटे हा गायब. परत आला तो विचारतो, "2020 साली ते तळे गुलाबी झाले होते ना? तू पाहिलेस?" मी जन्मभर लोणारपासून तासाभराच्या अंतरावर राहतो आणि गुलाबी पाणी मी वर्तमानपत्रात पाहिले होते. पुढच्या रविवारी निमूटपणे सगळ्यांना घेऊन जाऊन आलो. पाणी हिरवे होते.

त्यानेच मला व्हेनेझुएलाची हकिगत सांगितली. त्या देशात 2017च्या सुमारास पैशाचा कागद झाला, तेव्हा तिथली माणसे या खेळात दिवसदिवस हिरवे ड्रॅगन मारून नाणी मिळवीत आणि नियमाविरुद्ध ती डॉलरांना विकून घरी धान्य आणीत. ऐकून मी कुऱ्हाड खाली ठेवली. मी एन.पी.ए.ची यादी विसरायला जिथे येत होतो, तिथे दुसरे कोणी पोटासाठी ओव्हरटाइम करीत होते.

या पहारेकऱ्याने दिलेल्या पंधरा भाजलेल्या लॉबस्टरांच्या जोरावर (माळ!) मी एक ड्रॅगनीण मारली, आणि रून धातूचे चिलखत घालायचा अधिकार मिळवला. साठवलेली सव्वा लाख नाणी मोजून शिरस्त्राण, चिलखत, पायघोळ आणि ढाल घेतली. निळसर, झळझळीत! लग्नातल्या सुटानंतर अंगावर इतके चांगले काही चढले नव्हते.

ते मिरवीत मी बँकेच्या दारात उभा असताना एक गृहस्थ जवळ आला. म्हणाला, "झकास आहे. सोन्याचा काठ लावून देऊ का? फुकट. सराव करतोय."

वाचकहो, त्याच दिवशी सकाळी मी शाखेत स्वतःच्या हाताने पाटी चिकटवली होती : 'कोणालाही ओटीपी सांगू नका. फुकट काही मिळत नसते.' दुसरे वाक्य माझे स्वतःचे होते. पण चिलखताला जरीचा काठ! डोळ्यांपुढे येवल्याची पैठणी उभी राहिली. या खेळात वस्तू देताना दोन वेळा विचारतात. एक पाटी येते, मग 'नक्की ना?' अशी दुसरी. आमच्या मेकर-चेकरसारखेच. मेकर मी, चेकरही मी. दोन्ही ठिकाणी 'मान्य' दाबले आणि गृहस्थ नाहीसा झाला. मी दहा मिनिटे अंतर्वस्त्रांत बँकेबाहेर उभा होतो. कदाचित काठ लावायला वेळ लागत असेल.

चिरंजीव लोटपोट हसले. "बाबा, काठ कोणालाच लावता येत नाही. तसलं चिलखत खजिन्यातच सापडतं. ही फसवणूक माझ्या जन्माच्या आधीची आहे!"

"आईला सांगू नकोस," मी म्हणालो. जेवणाच्या ताटावर आईने विचारले, "काठ किती इंची होता?"

हसण्यावारी नेले खरे, पण झोप लागेना. खोट्या नाण्यांचे काय, असे दहादा म्हणून पाहिले. नाणी खोटी असतील. आठ महिने रोज रात्री जागलेला मी तर खरा होतो.

आठवड्याने काउंटरवर एक आजोबा आले. हातात मोबाइल, चेहरा पडलेला. "साहेब, मायं खातं बंद होनार हाये मने. त्यानं आकडा इचारला, मी सांगतला." सोयाबीनचे अठरा हजार गेले होते, अर्ध्या तासापूर्वी. एरवी माझे वाक्य तयार असे : "आजोबा, ती पाटी दिसत नाही का?" बावीस वर्षांत असे मी किती जणांना बोललो असेन देव जाणे. त्या दिवशी जीभ उचलेना. त्यांना आत खुर्चीवर बसवले, पाणी दिले, 1930 या सायबर तक्रारीच्या नंबरावर स्वतः फोन लावला, खाते गोठवले, अर्ज लिहून दिला. मागे रांगेत कुरकुर सुरू झाली, ती होऊ दिली.

आजोबा माझ्याकडे टक लावून पाहत होते. "तुमी रागे नाई भरले," ते म्हणाले. मग हळूच, "तुमचं बी गेलं काय?"

"गेलं," माझ्या तोंडून निघून गेले.

"किती?"

"सव्वा लाख."

"बाप्पा बाप्पा!" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कोपऱ्यावरून माझ्यासाठी चहा मागवला.

संध्याकाळपर्यंत एस.टी. स्टँडवर त्याचे अडीच लाख झाले होते आणि सिंदखेडराजाला पोचेपर्यंत पाच. घरी शेजारच्या काकू समाचाराला बसलेल्या. दुसऱ्या दिवशी दोन खातेदार, ज्याचे स्वतःचे पैसे टिकत नाहीत त्याच्या हाती आपले कशाला, म्हणून ठेवी मोडायला हजर. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावले. 2025च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तो त्यांनी पुढ्यात ठेवला होता. मी परोपरीने सांगितले, की साहेब, यात पैसा लावत नाहीत, लाकडे तोडतात.

"लेखी खुलासा द्या," साहेब म्हणाले. "रक्कम कोणाला दिली आणि कशापोटी."

मी जागेवर येऊन कोरा कागद पुढे ओढला. 'विषय : चिलखतास जरीचा काठ लावून घेण्यापोटी झालेल्या नुकसानीबाबत. महोदय,' इथपर्यंत लिहून पेन अडला. तेवढ्यात काउंटरवर कापडी पिशवी टेकली. आजोबा होते. त्यांच्या अठरांपैकी अकरा हजार पुढच्या खात्यात अडवून ठेवल्याचा निरोप आला होता.

"तुमचं आलं काय साहेब?"

"नाही."

त्यांनी पिशवी पुढे सरकवली. तुरीच्या शेंगा होत्या. "पोरायले उकडून द्या," म्हणाले, आणि काचेच्या खिडकीत तोंड घालून आवाज खाली आणला, "अन् घरी बाईले पुरा आकडा सांगू नोका."