माघांतल्या मुनिया

पुण्याच्या थंडीला पुण्याबाहेरचे लोक फारसा मान देत नाहींत. दिल्लीकर हंसतात, नागपूरकर आपल्या डिसेंबरच्या गोष्टी सांगूं लागतात, आणि ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत ते तर बर्फाखेरीज थंडीचा उच्चारच करीत नाहींत. तरीहि आमच्या थंडीचें एक स्वतंत्र घराणें आहे. १९२८ सालीं हवामान खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून उठून पुण्यास आलें. पुढें तें दिल्लीस गेलें. पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि तिच्यापुढल्या चौकाला पुणेकर आजहि 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखतात. त्या खात्याच्या दप्तरांत १९३५ च्या जानेवारींतली एक नोंद आहे. तेव्हां येथला पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. एवढें जुनें प्रमाणपत्र गांठीं असल्यावर आम्हीं कानटोपी घालावयास कोणाची परवानगी घ्यावी?

त्यांतहि माघाची थंडी मला विशेष प्रिय. निरोप घेऊन उठलेला, पण उंबरठ्यापाशीं उभा राहून आणखी अर्धा तास बोलत राहणारा पाहुणा असावा, तशी ती असते. पहाटे शाल सोडवत नाहीं आणि दुपारीं पंखा लावावासा वाटतो. तोंपर्यंत टेकड्यांवरचें गवत पार वाळून गेलेलें असतें आणि वेताळ टेकडीवरून फिरून येणारे लोक दारांत बसून कपड्यांचीं कुसळें काढीत असतात. ह्या दिवसांत सकाळीं सात ते साडेआठ मी स्वयंपाकघरामागच्या गॅलरींत चहाचा पेला घेऊन बसतें. घरांतलीं माणसें ह्याला 'आईची शाळा' म्हणतात. तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतली, आतां पाखरांची घेतें, असा त्यांतला भावार्थ.

माझी भाची अमेरिकेंत न्यू जर्सींत राहते. तिच्याकडेहि अशीच एक शाळा भरते, पण ती बर्फांत. परसांतल्या झाडाला तिनें एक लांब नळी टांगली आहे. नळीला बारीक फटी, आणि त्या फटींशीं चोंच लावून गोल्डफिंच नांवाचीं पाखरें दिवसभर लटकलेलीं असतात. जानेवारींत त्यांचा रंग मळकट हिरवट असतो. हिवाळा सरत आला कीं जुनीं पिसें गळून अंगावर मधूनमधून पिवळे डाग दिसूं लागतात. घराला हळद लावतांना रंगारी मध्येंच जेवायला उठून गेला असावा तसे. भाची मला हें सारें दूरध्वनीच्या पडद्यावर दाखवते. एकदां मीं तिला विचारलें, "अग, त्या नळींत काळें काळें काय भरलें आहेस?" ती म्हणाली, "आत्या, त्याला इकडे नायजर म्हणतात. फार महाग असतें." तिनें मूठभर बीं पडद्याजवळ धरलें, आणि मला हंसूं आवरेना. ते आपले कारळे होते! ज्यांना कोणी खुरासणी म्हणतात आणि ज्यांची चटणी तिच्या आजीनें तिला भाकरीबरोबर भरवली, तेच हे कारळे.

मग मीं त्याचा थोडा शोध घेतला. अमेरिकेंतल्या फिंचांसाठीं कारळे परदेशांतून जातात. भारत, इथिओपिया आणि म्यानमार हे पुरवठा करणारे मुख्य देश. इंग्रजी नांवाचा उच्चार करतांना भलताच शब्द तोंडांतून निघूं नये म्हणून तिकडल्या व्यापाऱ्यांनीं १९९८ च्या सुमारास स्पेलिंग बदलून तें नांव आपल्या हक्काचें म्हणून नोंदवून घेतलें. आणि कारळ्यांबरोबर आलेलें तणाचें बीं आपल्या भूमींत रुजूं नये म्हणून तेथलें सरकार हा माल आधीं चांगला तापवून घ्यावयास लावतें. म्हणजे चटणीची पहिली पायरी सरकारी खर्चानें झाली म्हणावयाची! आमच्याकडल्या डोंगरउतारावर पिकलेला दाणा अर्धी पृथ्वी ओलांडून बर्फांतल्या पाखराच्या चोंचींत पडतो, ह्याचें मला खरोखरच समाधान वाटलें. गेल्या दिवाळींत भाची आली ती माझ्यासाठीं तसलीच एक नळी घेऊन. "आत्या, तूं पण लाव. तुझ्या मुनिया येतील."

ती नळी मीं लावली नाहीं. कां, तें सांगितलें पाहिजे.

आमच्या इमारतींत दोन सज्जन माणसें आहेत आणि त्यांच्यांत दोन वर्षें अबोला आहे. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ आपल्या दिवंगत आईच्या नांवानें रोज सकाळीं गच्चीवर दोन शेर ज्वारी टाकतात. ती ज्वारी खावयास कबुतरें येतात. किती येतात तें विचारूं नये. तळमजल्यावरच्या काकूंना फुप्फुसांचा विकार जडला आहे. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ रोजच्या रोज श्वासांतून जात राहिली तर कांहीं माणसांचीं फुप्फुसें सुजतात आणि पुढें कडक होत जातात, हें आतां वैद्यकशास्त्रांत वादाचें राहिलेलें नाहीं. काकू जिना चढून माझ्याकडे येत तेव्हां मधल्या पायरीवर थांबून गप्पा मारीत. त्या गप्पा दम लपवण्यासाठीं असतात हें मला पुष्कळ दिवसांनीं कळलें. २०२५ सालीं मुंबईंत कबुतरखाने बंद करण्याचा हुकूम निघाला, दादरच्या जुन्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि तंटा उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हां सगळा महाराष्ट्र त्याविषयीं बोलत होता. आमच्याकडे तोच खटला जिन्यांत चालूं होता, एवढेंच.

काकूंना मीं ती नळी दाखवली. त्यांनीं ती उलटसुलट करून पाहिली. "छान आहे हो," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या त्या चिमुकल्या पाखरांचें मला कांहींच नाहीं. पण नळीखालीं सांडेल तें कोण खाईल?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतें. ज्यांनीं ह्या नळ्या जगाला दिल्या त्यांनाहि तें सांपडलेलें दिसत नाहीं. ब्रिटनमध्यें घरोघरीं पाखरांना दाणे घालण्याची प्रथा आहे. बर्फानें जमीन झांकली गेली कीं त्या दाण्यांवर कित्येक जीव तगतात हें खरें. पण २००५ सालापासून तेथल्या हिरव्या फिंचांत घशाचा एक रोग पसरला. पाखराला गिळतां येत नाहीं. तें दाणा उचलतें, ओला करून टाकतें, आणि तोच दाणा दुसरें उचलतें. जेथें पंक्ति तेथें संसर्ग. पुढल्या वर्षांत हिरव्या फिंचांची संख्या निम्म्याहून खालीं गेली. हा रोग मूळ कबुतरांच्या कुळांतला, आणि एकाच ताटांत जेवल्यामुळें तो फिंचांकडे आला असावा असा जाणत्यांचा तर्क आहे. हें मीं वाचलें तेव्हां मला आमची गच्ची आठवली.

तेव्हां नळी स्वयंपाकघरांतल्या फळीवर उभी आहे. भाचीनें बरोबर आणलेल्या कारळ्यांची चटणी झाली. ती काकूंनाहि आवडली.

परंतु मुनिया येतात, आणि त्यांना मी बोलावलेलें नसतें. आमच्या इमारतीच्या मागें, कुंपण आणि नाला ह्यांच्यामध्यें, जमिनीचा एक अरुंद पट्टा आहे. तेथें पावसाळ्यांत गिनी गवत माजतें. दिवाळीपर्यंत माणसाच्या डोक्याइतकें होतें, तुरे धरतें, आणि माघांत त्या तुऱ्यांत उरलेलें बीं खावयास मुनियांचा थवा उतरतो. मुनिया हें नांव बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असतें, पण पाखरूं ओळखीचें नसतें. चिमणीहून लहान, पाठीवर तपकिरी झूल, आणि छातीपोटावर पांढऱ्यावर काळे खवले, जणूं कोणीं बारीक जाळीचा रुमाल बांधला आहे. ही ठिपकेदार मुनिया. चोंच मात्र देहाच्या मानानें जाडजूड, अडकित्त्यासारखी; आणि तिचें कामहि अडकित्त्याचेंच. दाणा आंत राहतो, टरफल बाहेर पडतें. तीस-तीस चोंची एकदम चालूं असल्या म्हणजे गवताखालीं बारीक भुसा झिरपत असलेला कोंवळ्या उन्हांत स्पष्ट दिसतो.

ह्या पाखराचें वजन तें काय? तीन चमचे साखरेइतकें. तरी काडीवर तें बसलें कीं काडी वांकते, आणि वांकत वांकत शेजारच्या काडीवरच्या मुनियेच्या पुढ्यांत तुरा नेऊन ठेवते. मग दोघी त्याच तुऱ्यावर जेवतात. भांडण कधींच होत नाहीं असें मी म्हणणार नाहीं, पण चिमण्यांच्या मानानें ह्यांची पंगत फार शांत. आवाजहि इतका हळू कीं रस्त्यावरून रिक्षा गेली तर तो ऐकूंच येत नाहीं. कधीं कधीं ह्यांच्याबरोबर पांढऱ्या गळ्याच्या मुनिया येतात. धुळीच्या रंगाच्या, टोंकदार काळ्या शेपटीच्या. त्यांना जेवणापेक्षां एकमेकींना खेटून बसण्याची हौस अधिक. तारेवर सहासात जणी अशा बसतात कीं मधलीला श्वास घेतां येत असेल का अशी शंका येते. सुगरणींनीं सोडून दिलेल्या खोप्यांतहि त्या अशाच दाटीनें रात्र काढतात.

लाल मुनिया मला येथें दोनदांच दिसली, आणि तीहि लाल नव्हती. नराचा तो प्रसिद्ध रंग पावसाळ्याचा. माघांत चोंच आणि शेपटीकडचा थोडा भाग एवढाच तांबडा उरतो. पूर्वीं ह्या पाखरांचे पिंजरे अहमदाबादेहून युरोपांत जात. तेथल्या लोकांच्या जिभेवर त्या शहराच्या नांवाचें जें झालें तेंच पाखराचें नांव होऊन बसलें, आणि १७५८ सालीं लिनियसनें तें 'अमंडावा' म्हणून शास्त्रांत कायमचें गोंवून टाकलें. ज्या गांवांतून विकलें गेलें त्याच गांवाचें नांव जन्मभर मिरवणें, हा प्रकार पाखरांतहि आहे म्हणावयाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारानें पुढें हा व्यापार बंद झाला, तरी चोरून चालणारी विक्री अजून संपलेली नाहीं.

शास्त्रकारांना विचाराल तर मुनिया ही खरी फिंच नव्हेच. तिचें कूळ निराळें. आमच्या बाजूला खरा फिंच पाहावयाचा तर तो रोझफिंच. हिमालयांतून आणि त्याच्याहि पलीकडून तो हिवाळ्यांत सह्याद्रीपर्यंत येतो; नर डोक्या-छातीवर गुलाबी, मादी चिमणीच्या वळणाची. सिमला ऑफिस एकदांच आलें. हा दरसाल येतो, आणि ऊन तापूं लागलें कीं हुकमावांचून परत जातो. माझ्या पट्ट्यांत मात्र तो कधीं उतरलेला नाहीं, आणि त्याच्यासाठीं मी अडून बसलेलीहि नाहीं.

हा पट्टा गेल्या वार्षिक सभेंत निघाला. ठराव असा होता कीं गवत कापून फरशी घालावी. आठ दुचाक्या राहतील. ठरावाच्या बाजूनें जें बोललें गेलें त्यांत वावगें कांहीं नव्हतें. गवतांत घोणस निघाली तर? होळीच्या सुमारास कोणी पेटती विडी टाकली तर? डांस होतात तें वेगळेंच. मीं सांगितलें कीं येथें सकाळीं मुनिया येतात, आणि त्यांना दुसरी जागा राहिलेली नाहीं. एरंडवण्यांतले बंगले पडून इमारती झाल्या तशा मोकळ्या कडा गेल्या, आणि जेथें जमीन आहे तेथें आतां कापून बसवलेली हिरवळ आहे. हिरवळीला तुरा येत नाहीं. मुनियेच्या दृष्टीनें ती आणि फरशी सारखीच.

तेव्हां चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बाईंच्या पाखरांना जागा हवी," ते म्हणाले, "मग माझ्या आईच्या पाखरांनीं काय केलें आहे?"

सभा गप्प झाली. प्रश्न कुत्सित नव्हता. माणूस दुखावलेला होता. मुनिया नाजूक आणि कबुतर धसमुसळें, हें कांहीं उत्तर नव्हे. तसें म्हणणें म्हणजे रूपावर न्याय करणें. मीं जें सुचलें तें सांगितलें. मुनियांना मी कांहींच घालीत नाहीं. गवत आपोआप येतें, बीं आपोआप धरतें, आणि बीं संपलें कीं थवा आपोआप उठून नाल्यापलीकडे जातो. त्यांची संख्या गवत ठरवतें, माझी माया ठरवीत नाहीं. गच्चीवर संख्या ज्वारी ठरवते, आणि ज्वारीला अंत नाहीं. ते म्हणाले, "आईला कोणत्या तोंडानें सांगूं?" ह्यावर मीं बोलणें योग्य नव्हतें. काकू कोपऱ्यांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या आई मला मुलीसारखें वागवीत. त्यांच्या नांवानें गोशाळेला द्या, पांजरपोळाला द्या. मी तुमच्याबरोबर येईन." मग त्यांना खोकला आला आणि सभा दहा मिनिटें तहकूब झाली.

ठरलें तें असें: फरशीचा विषय पुढल्या वर्षीं, गवत होळीपर्यंत उभें राहील, पण इमारतीच्या भिंतीपासून चार हात मोकळें कापावें आणि होळीनंतर सगळें काढावें. ज्वारीविषयीं ठराव झाला नाहीं. पण गच्चीवरची ज्वारी दोन शेरांवरून मूठभरावर आली आहे, आणि काकूंचा पंप अजून उशाशींच असतो.

गवत कापावयास येणारा माळी सोलापूरकडचा. मुनिया पाहून तो प्रथम हंसलाच. त्याचें बालपण ज्वारीच्या शेतांत माळ्यावर उभें राहून गोफण फिरवण्यांत गेलें. हुरड्याच्या दिवसांत ह्याच पाखरांना हांकलण्यासाठीं त्याचा बाप त्याला पहाटे उठवी. "आणि तुम्ही ह्यांच्यासाठीं मीटिंगा घेतां!" असें म्हणून त्यानें दोन दिवस ती गोष्ट सगळ्या इमारतीला सांगितली.

होळी झाली. दुसऱ्या आठवड्यांत तो विळा घेऊन आला आणि नाल्याच्या अंगानें कापीत आला. मी गॅलरींत होतें. कुंपणाच्या कोपऱ्याशीं तो थांबला, एक तुरा हातांत धरून चोळला, तळव्यावर फुंकर मारली आणि वर पाहून म्हणाला, "ह्या कोपऱ्याला दाणा आहे अजून, बाई. एवढा आठ दिवसांनीं घेतों."