आर्टिस्टच्या फाइल्स करप्ट नव्हत्या

‘आर्टिस्टच्या फाइल्स करप्ट आहेत, तिचं बिल थांबवा.’ मीटिंगमधलं हे वाक्य आठवलं की अजूनही डोकं फिरतं.

लहान मुलांना अक्षरं शिकवणारं एक अँड्रॉइड ॲप आम्ही करत होतो. चित्रं सांगलीच्या एक ताई घरून काढून मेल करायच्या. ऑफिसात चित्रं, आवाज, फॉन्ट सगळं एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये येऊन पडायचं आणि ते वेगळं करायला एक जुनी पायथन स्क्रिप्ट होती. पीएनजी दिसली की ‘ड्रॉएबल’, एमपीथ्री ‘रॉ’, टीटीएफ ‘फॉन्ट’. या फोल्डरांत अँड्रॉइडला उपफोल्डर चालत नाहीत, फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर चालत नाही. हाताने लावत बसणं शक्यच नव्हतं. स्क्रिप्ट बघायची ते फक्त नावातल्या शेवटच्या टिंबापुढचं.

रिलीज तोंडावर असताना बिल्ड फेल व्हायला लागला. फाइलच्या सुरुवातीला पीएनजीची सिग्नेचर नाही, असं एररमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. ते कोणी धड वाचलं नाही आणि खापर ताईंवर फुटलं. त्या फोनवर काकुळतीला येऊन सांगत होत्या, ‘अहो, मी उघडून बघूनच पाठवते हो.’ चित्रं तर आमच्याही ब्राउझरमध्ये नीट दिसत होती! करप्ट फाइल इतकी स्वच्छ कशी दिसेल, हा साधा प्रश्न एवढ्या इंजिनिअरांत कोणाला पडू नये?

मी त्यातली एक फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडली. पीएनजीचे पहिले ८ बाइट ठरलेले असतात, त्यात पी, एन, जी ही अक्षरं सरळ वाचता येतात. इथे सुरुवातीला आर, आय, एफ, एफ. मग आकाराचे ४ बाइट. आणि पुढे डब्ल्यू, ई, बी, पी. म्हणजे फाइल वेबपी. ताईंचा मूळ मेल काढला तर त्यातली तीच चित्रं अस्सल पीएनजी. आमच्यातल्याच एकाने घाईत प्रिव्ह्यूच्या वेबपेजवरून चित्रं उतरवून घेतली होती आणि नाव बदलून ‘.पीएनजी’ केलं होतं. ब्राउझर आतला मजकूर बघतो, म्हणून त्याचं काही अडलं नाही. अँड्रॉइडचं बिल्ड टूल अडलं, आणि बरोबरच अडलं.

आत बघून प्रकार ओळखणारी ‘फाइल’ कमांड युनिक्समध्ये १९७३ पासून आहे. तरी आपण नावावर विसंबतो. अर्थात नुसत्या बाइटवरही भागत नाही. एसव्हीजी म्हणजे साधा टेक्स्ट, वर्डची डॉक्एक्स आतून झिप, आणि वेव्हची सुरुवातही आर-आय-एफ-एफनेच होते. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये दोन्ही ताडून बघायला लावलं. नाव आणि आतला ऐवज जुळला नाही तर फाइल हलवायचीच नाही, तिथेच थांबून ओरडायचं.

नाव बदलणाऱ्या त्या मुलावर माझा राग नव्हता, डेडलाइन सगळ्यांच्याच मानेवर होती. पण बिल अडलं तेव्हा तो त्याच खोलीत बसून गप्प राहिला होता, हे आठवलं की वाटतं, राग यायलाच हवा होता.

ताईंचं बिल उशिरा का होईना निघालं. दिलगिरीचा शब्द मात्र गेला नाही. घरून अशी कामं करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फाइल्स पाठवताना प्रत्येकीचा एसएचए-२५६ चेकसम मेलमध्येच लिहा. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ने तो लगेच निघतो, आणि तुम्ही काय पाठवलं होतं यावर वादच उरत नाही.