शून्याखालची जागा

मुंबईस डीजेचे काम करणारा माझा भाचा चतुर्थीला कसालास आला, की बुवांचे भजन ध्वनिमुद्रित करतो. बुवा आरंभी पुटपुटतात, पण हा पठ्ठ्या आवाजाची कळ वाढवीत नाही. डीजेकडून हा संयम कोण अपेक्षील? आधीच टाळकऱ्यांकडून गजर वाजवून घेऊन, झांजा-पखवाज ऐन भरात असता पातळी शून्याच्या 10 डेसिबल खाली राहील अशी कळ तो बसवतो. जुनी फीत थोडा अतिरेक पोटात घाली. संगणकाच्या हिशेबी शून्याच्या वर काही नाहीच. तिथे आवाजाचा माथा छाटला जातो. हळू आलेले मात्र 24 बिटांत मागाहून खुशाल वाढवावे.

बुवा 81 वर्षांचे. अभंग पुन्हा म्हणा, असे त्यांना सांगवत नाही.